हद्दीबाहेरचं दार

संपादकांनी फोनवर सांगितलं, "राऊतसाहेब, आगीचे दोन-चार थरारक प्रसंग लिहा. वाचकांना आवडतात." मी हो म्हणालो. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की ज्या प्रसंगांत माणसाला भीती वाटायला हवी त्यांत मला फारशी वाटली नव्हती. रसायनाचे ड्रम फुटून त्यांची झाकणं डोक्यावरून गेली आहेत, तेव्हाही माझे हात स्थिर होते. आयुष्यात खरी भीती वाटली ती एका कागदाची. तो कागद मीच लिहिला होता. त्याला नऊ वर्षं झाली आणि भीती अजून गेलेली नाही. तेव्हा थरार राहू दे, त्या कागदाचंच लिहितो.

बोईसरच्या पट्ट्यातल्या एका अग्निशमन केंद्रात मी अधिकारी होतो. कार्यालयांची आणि इमारतीची नावं मुद्दाम देत नाही. इथे दोष सांगायचा आहे तो माझा.

आमचं काम आग विझवणं, असं लोक समजतात. ते अर्धं काम. उरलेलं अर्धं आग लागण्याआधीचं. कुठल्याही इमारतीत पाय टाकला की मी आधी मागचं दार शोधतो. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा. बायको म्हणते, "अहो, आधी नवरा-नवरीला भेटा, मग दार शोधा." नियम साधे आहेत. बाहेर पडायला दोन वाटा हव्यात आणि त्या एकमेकींपासून लांब हव्यात. दार बाहेरच्या बाजूला उघडायला हवं. जिन्यात खोकी नकोत, टाकीत पाणी हवं. हे सगळं प्रत्यक्ष बघून जो कागद देतात तो ना हरकत दाखला. अडचण एवढीच, की तो द्यायचा कुणी?

आमचं केंद्र कारखान्यांच्या वसाहतीचं आणि वसाहतीला कुंपण होतं. कुंपणाच्या आतलं सगळं आमचं. बाहेरचं ग्रामपंचायतीचं. पंचायतीकडे बंब नव्हता, तपासणारा माणूस नव्हता, पण इमारतीला घर नंबर देता येत होता. पालघरच्या नगरपरिषदेची हद्द पालघरलाच संपत होती. मुंबईचं वरिष्ठ कार्यालय सगळ्यांच्या वर होतं, म्हणजे सगळ्यांपासून लांब. आणि या चौघांच्या मधल्या जागेत बोईसर वाढत होतं. कागदावर गाव, डोळ्यांना शहर. तीन-तीन मजली गाळे, लॉज, क्लास, मंगल कार्यालयं.

आमच्या केंद्रात फोन आला की ऑपरेटर दोन प्रश्न विचारायचा. ठिकाण कुठलं? आणि कुंपणाच्या आत की बाहेर? बाहेर असेल तर वरिष्ठांना फोन करून परवानगी घ्यायची, मग बंब सोडायचा. एकदा मनोरच्या रस्त्याला एका व्यापाऱ्याच्या गवताच्या गंज्या पेटल्या. ऑपरेटरने दुसरा प्रश्न विचारल्यावर तो फोनवर ओरडला, "अरं, माझा गवत काय हद्द बगून जळतो काय?" आम्ही हे वाक्य पुढे कित्येक वर्षं एकमेकांना ऐकवून हसलो. त्याच्या सगळ्या गंज्या गेल्या होत्या.

कुंपणाबाहेरच्या इमारतींचे दाखल्यासाठीचे अर्ज आमच्याकडे यायचे, कारण बंब लोकांना आमच्याच दारात उभा दिसायचा. प्रत्येक अर्जावर मी हाताने लिहायचो, 'सदर इमारत या केंद्राच्या हद्दीबाहेर असल्याने अर्ज परत.' अर्ज वाढले तसा कंटाळा आला. मग स्टेशनजवळच्या दुकानातून त्याच वाक्याचा रबरी शिक्का करून घेतला. आमचा कारकून खूश झाला. "साहेब, आता काम पटापट होईल." तसं झालंही.

कुंपणाला पाठ लावून गाळ्यांची एक दुमजली इमारत उभी राहिली. खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम, वर तयार कपड्यांची शिलाई आणि पॅकिंग. कामाला बहुतेक बायका. मनोरच्या बाजूच्या पाड्यांवरून येणाऱ्या, भातकापणी झाली की पावसाळ्यापर्यंत राहणाऱ्या. इमारतीचं तोंड पंचायतीच्या अरुंद गल्लीत होतं. मागचा जिना एका लोखंडी दाराशी उतरत होता आणि ते दार कुंपणातल्या मोकळ्या फटीतून आमच्या वसाहतीच्या रस्त्यावर उघडत होतं. दुपारच्या चहाला राखणदार ते दार उघडायचा आणि बायका आमच्या रस्त्याच्या कडेला सावलीत बसायच्या. राखणदाराचं नाव लक्ष्मण. वाणगावच्या पुढच्या एका पाड्यावरचा वारली. मी मोटारसायकलवरून जाताना कपाळाला हात लावून सलाम करायचा.

मालकाला दोष देणं सोपं आहे, पण त्याने अर्ज केला होता. पहिला आमच्याकडे. मी शिक्का मारून परत केला. मग तो पंचायतीत गेला, तिथून नगरपरिषदेत, तिथून जिल्ह्याला, तिथून मुंबईला. मुंबईने लिहिलं, 'नजीकच्या केंद्राचा अभिप्राय घ्यावा.' दीड वर्षाने ती फाईल माझ्या टेबलावर परत आली. एव्हाना वरच्या मजल्यावर शिलाई मशीन सुरू होऊन वर्ष झालं होतं.

शेवटी पालघरला बैठक लागली. जिल्हा नवा होता, बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. भिंतीवर नकाशा लावलेला. अध्यक्षस्थानी एक अधिकारी बाई होत्या.

"बंब कुणाचा जवळ?" त्यांनी विचारलं.

"यांचा," ग्रामसेवकाने माझ्याकडे बोट केलं.

"बंब जवळ म्हणून इमारत आमची होत नाही, मॅडम," मी म्हणालो. "दवाखाना शेजारी आहे म्हणून अख्खी आळी डॉक्टरची होते का?"

सगळे हसले. मला बरं वाटलं. ग्रामसेवक हसला नाही. चहात बिस्किट बुडवत तो म्हणाला, "मॅडम, त्या बिल्डिंगचा मागचा जिना यांच्या रस्त्यावर उतरतो. बायांची ऊठबस यांच्या रस्त्यावर. मग बिल्डिंग एकट्या आमची कशी?"

"राऊत, खरं आहे हे?"

"बघून सांगतो."

"पंधरा दिवसांत सांगा. तुमच्या रस्त्यावर दार असेल तर सध्यापुरती तपासणी तुम्हीच करा."

परत येताना माझं डोकं एकाच दिशेने चाललं होतं. ती एक इमारत घेतली, की कुंपणाला टेकलेल्या तशा सगळ्या आमच्या गळ्यात पडणार. बंब दोन, त्यातला एक ढकलून सुरू होणारा. तपासणीला मी एकटा. उद्या त्यातलं काही जळालं तर दाखल्यावर सही माझी. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. मला आगीची भीती नव्हती, सहीची होती.

तिसऱ्या दिवशी मी वसाहतीच्या बांधकाम विभागाला पत्र लिहिलं. त्याची झेरॉक्स आता माझ्यासमोर आहे. 'कुंपणालगतच्या खासगी इमारतीचे एक दार वसाहतीच्या रस्त्यावर अनधिकृतपणे उघडते. सदर ठिकाणी कुंपणाची भिंत तातडीने सलग करावी.' खाली माझी सही.

लोकांना दुसरी वाट का लागते हे ज्याने आयुष्यभर शिकवलं, त्याने ती वाट बंद करायला लिहिलं. दार राहिलं नाही तर इमारतीचा आमच्याशी संबंध राहत नाही, इतका साधा हिशेब. बाराव्या दिवशी सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत उभी राहिली, दारापासून हातभर अंतरावर. मी पालघरला कळवलं, 'सदर इमारतीचे दार वसाहतीच्या रस्त्यावर उघडत नाही.' त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मण केंद्रात आला. चपला बाहेर काढून दारात उभा राहिला.

"साहेब, मागं भित घातली."

"हं."

"आग लागली त बाया कुठून निंगतील?"

"पुढून."

"पुढं खोकी हायत. एक एक करून निंगावा लागतो. तुमी एकदा बगा ना येऊन."

"ती इमारत आमच्याकडे येत नाही रे."

"मग कोणाकडं येते?"

मी म्हणालो, "लेखी दे."

त्याला लिहिता येत नव्हतं. चार दिवसांनी शिलाईतल्या कुणा बिहारी कारागिराकडून हिंदीत लिहून आणलेला अर्ज त्याने आणून दिला. खाली अंगठा आणि काही बायकांची नावं. मी त्यावर शिक्का मारला आणि त्याच्या हातात परत दिला. तो शिक्का वाचून दाखवा असं त्याने आमच्या कारकुनाला सांगितलं. कारकुनाने वाचला. लक्ष्मणने अर्जाची घडी केली, खिशात ठेवली आणि मला नेहमीसारखा सलाम करून गेला.

तिथून माझी भीती सुरू झाली. आमच्या केंद्रात सरावाचा मनोरा होता. त्याच्या वरच्या मजल्यावरून त्या इमारतीचे पत्रे दिसायचे. सकाळची कवायत झाली की मी वर चढायचो. जवानांना वाटायचं, साहेब या वयातही जिने चढतात. मी पत्र्यांकडे बघून उतरायचो. घंटा वाजली की आधी ठिकाण विचारायचो आणि ते दुसरं निघालं की हायसं वाटायचं. दुसऱ्याचं घर जळतंय हे ऐकून हायसं वाटणारा अग्निशमन अधिकारी. दोनदा ठरवलं, की भिंत काढा म्हणून पत्र लिहावं. पण मग पहिलं पत्र कुणी लिहिलं ते निघालं असतं. हिवाळा गेला, होळी गेली.

वैशाखात, दुपारी साडेतीनच्या सुमाराला फोन आला. ऑपरेटरने ठिकाण विचारलं. दुसरा प्रश्न त्याने विचारला नाही, मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"काढा बंब," मी म्हणालो.

गल्लीत रिक्षा आणि टेम्पो अडकलेले होते, म्हणून आम्ही मागून, आमच्या रस्त्याने गेलो. तीन मिनिटं लागली. वरच्या खिडक्यांतून काळा धूर, खाली पुठ्ठा पेटलेला. आणि समोर सलग भिंत. इंजिनाच्या आवाजातही भिंतीमागचं ऐकू येत होतं. आतून लोखंडावर थापा पडत होत्या.

बंबाचा चालक तांडेल, घिवलीचा, माझ्याबरोबर वीस वर्षं होता. पहार हातात घेऊन तो भिंतीसमोर आला आणि थांबला.

"साहेब, ही आपलीच भित ना?"

मी त्याच्या हातातली पहार घेतली. ठोकळे नवे होते, सिमेंट चांगलं भरलेलं. सरकारी काम इतकं पक्कं झालेलं मी क्वचित बघितलं आहे. आम्ही चौघं ठोकत होतो. थापा जोरात होत्या, मग तुटक झाल्या, मग एकच हात वाजवत होता. ठोकळ्यांचा पहिला थर पडला तेव्हा तोही थांबला होता.

दाराला आतून कुलूप होतं. पहारीने दार उचकटून ते तोडलं आणि आम्ही सहा बायका बाहेर काढल्या. पाच वाचल्या. सहावी कमळ, मनोरच्या अलीकडच्या पाड्यावरची. रोज चहाला त्याच दाराने बाहेर यायची म्हणून धुरात पाय तिकडेच वळले, असं वाचलेल्या एकीने मला नंतर सांगितलं. भिंत घातलेली सगळ्यांना माहीत होती. घाबरलेल्या माणसाचे पाय सवयीच्या वाटेने जातात, हे मी प्रशिक्षणात शिकवायचो.

बाकीच्यांना लक्ष्मणने पुढच्या जिन्यावरून काढलं होतं. तो तीनदा वर गेला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते.

भिंतीचा राडारोडा त्याच संध्याकाळी वसाहतीच्या ट्रॅक्टरने उचलला. चौकशी करणारे आले तेव्हा त्यांना दिसलं एक लोखंडी दार आणि तुटलेलं कुलूप. किल्ली लक्ष्मणकडे होती. भिंत घातल्यावर त्याने दाराला कुलूप लावलं होतं, चुकून कुणी त्या बाजूला जाऊन अडकू नये म्हणून. ते अहवालात आलं नाही. 'मागील दार राखणदाराने कुलूपबंद ठेवले' एवढं आलं.

मला विचारलं, "दाराबाहेर भिंत होती, असं एक बाई सांगते."

"कुंपण आहे. सगळीकडेच आहे."

"या इमारतीबाबत तुमच्या कार्यालयाचा काही पत्रव्यवहार?"

"इमारत हद्दीबाहेर आहे," मी म्हणालो.

आदल्या दिवशी मी पत्राची कार्यालयातली प्रत काढून घरी आणली होती. बांधकाम विभागाकडची प्रत कुणी शोधली नाही आणि त्यांनीही दाखवली नाही. दोघांचंही भागलं. लक्ष्मण हातांना पट्ट्या असतानाच आत गेला, काही महिन्यांनी जामिनावर सुटला. खटला अजून चालू आहे. पाच बायकांना वाचवल्याबद्दल माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. शाल बायकोने कपाटात वर ठेवली आहे. थंडीत एकदा तिने मला पांघरायला काढली, मी तिच्यावर ओरडलो. तिला कारण आज हा लेख वाचून कळेल.

गेल्या वर्षी मला एका चर्चेचं बोलावणं आलं. बोईसरला आता शहर म्हणून मान्यता मिळणार, तेव्हा आगीचे नियम कुणी राबवायचे यावर अनुभवी लोकांचं मत हवं होतं. तोच नकाशा, नवे अधिकारी. एकजण म्हणाला, "हद्द ठरेपर्यंत कुणीच हात घालू नये, उगाच जबाबदारी यायची." माझं जुनं वाक्य मला तरुण आवाजात ऐकू आलं. मी उठलो, पाणी प्यायलो आणि बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी वाणगावला जाणारी गाडी पकडली.

लक्ष्मण घराच्या पुढ्यात सूप विणत बसला होता. भाजलेल्या बोटांची पकड नीट बसत नव्हती. मला त्याने लगेच ओळखलं. मी पिशवीतून पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. सही वाचली. तो विणतच राहिला.

"मना ठावं हाय," तो म्हणाला.

"काय?"

"भित घालाया आलेली माणसा बोलत होती. फायरवाल्या साहेबाचा कागद हाय म्हणून."

"मग चौकशीत सांगितलं का नाहीस?"

"सांगितला. ते बोलले, लेखी दे."

मी पत्राची घडी केली. त्याच्या सुनेने कोरा चहा आणून ठेवला. मी म्हणालो, "हा कागद मी तुझ्या वकिलाला देतो. कोर्टात सांगतो. तुला आणखी काय हवं ते सांग."

त्याने पहिल्यांदा हातातलं काम खाली ठेवलं. "ती जागा पुन्ना बांधलीय. तीन मजली. ही माझी सून आता तिथंच कामाला जाते. पोट हाय ना. तिला इचारला, मागचा दार हाय काय. हाय बोलते. उगडा असतो काय, त नाय बोलते." त्याने माझ्याकडे बघितलं. "तुमी एकदा बगा ना येऊन."

नऊ वर्षांपूर्वी माझ्या दारात उभं राहून त्याने हेच म्हटलं होतं.

पत्र वकिलाकडे दिलं आहे आणि साक्षीची तारीख पडायची आहे. त्याने लक्ष्मण सुटेल का, मी अडकेन का, ते कोर्ट ठरवेल. मला आता त्याची भीती नाही. मला भीती आहे त्या दाराची. मी जाऊन बघितलं. भिंत नाही, आमच्या जुन्या रस्त्यावरच उघडतं. पण बाहेरून कडीला कुलूप. माल चोरीला जातो म्हणून. मी चारही कार्यालयांना लिहिलं. तिघांनी उत्तरं दिली. नवी हद्द जाहीर झाल्यावर उचित कार्यवाही करण्यात येईल.

म्हणून मी दर सोमवारी सकाळी दहाला, बायका वर गेल्या की जातो. तिथला राखणदार उत्तर प्रदेशचा आहे, भला माणूस. पहिल्यांदा त्याने विचारलं, "बाबूजी, किस ऑफिस से?"

"किसी ऑफिस से नहीं. ताला खोलो."

त्याने का कोण जाणे, खोललं. मी दार ओढून बघितलं, जिना चढून वर गेलो, खोकी बाजूला करायला लावली. वरच्या मशीनवरून लक्ष्मणच्या सुनेने मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. उतरून रस्त्याला लागलो आणि कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत मागे कुलूप लागल्याचा आवाज आला. तो आवाज आठवडाभर कानात राहिला.

पुढच्या सोमवारी त्याने कुलूप काढल्यावर मी ते उचलून खिशात टाकलं.

"बाबूजी, मालिक पूछेगा."

"बोलना, राऊत नाम का बूढ़ा ले गया. पता भी देना."

आठ दिवसांनी दाराला नवं कुलूप होतं. तेही आणलं. हे लिहितोय त्या टेबलावर, निवृत्त होताना बरोबर आणलेल्या त्या रबरी शिक्क्याशेजारी, आता सहा कुलपं आहेत. मालकाने माझ्यावर चोरीची तक्रार करावी अशी माझी इच्छा आहे. म्हणजे ते दार निदान कुठल्यातरी एका कार्यालयाच्या वहीत नोंदलं जाईल. अजून त्याने केलेली नाही. आज गुरुवार आहे. सोमवारला चार दिवस आहेत, आणि दाराला सातवं कुलूप लागलेलं असणार.